टोपी तेवढी तुमची नाही

काळाचौकी, मुंबई
रविवार, रात्री साडेअकरा

ती. आई आणि ती. बाबांस,
सा. न. वि. वि.

पत्र बघून दचकू नका. मी बरी आहे, दादा-वहिनी बरे आहेत, छोटीचा पुढचा दात पडलाय आणि ती सगळ्यांना जबडा उघडून दाखवत फिरतेय. फोनवर सांगण्यातली गोष्ट नव्हती म्हणून लिहायला बसले. फोनवर बाबा कानात मशीन न घालता ‘हो हो, चलात’ म्हणतात आणि कशाला हो म्हणाले ते त्यांनाच माहीत नसतं. आई, तू मोठ्याने वाच. जिथे ‘थांब’ लिहिलंय तिथून पुढचा कागद बाबांच्या हातात दे. जवळचा चष्माही दे, नाहीतर वाचल्यासारखं करतील.

आधी गुन्हा कबूल करते. माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेतून मी बाबांचा वॉचमनचा युनिफॉर्म काढला. निळी पँट, आकाशी शर्ट, शिट्टीची पांढरी दोरी. विचारलं नाही, कारण विचारलं असतं तर नाही म्हणाला असतात. तो घालून, आपल्या गिरणीच्या गेटासमोर उभं राहून मी स्वतःचा फोटो काढला. शेवटच्या वर्षाचं काम म्हणून. तो छापून झालाय आणि येत्या १८ जानेवारीला, रविवारी, दिवसभर आपल्या चाळीच्या पटांगणात लागणार आहे. कमिटीला विचारलंय, त्यांची हरकत नाही. तुम्हाला मात्र विचारत नाहीये, सांगतेय.

बाबा, श्वासाचा पंप जवळ असू दे. आणि आई, तू लगेच दादाला फोन लावू नकोस. त्याचं म्हणणं एवढंच होतं की बाबांना कळवूच नको. ते मला पटलं नाही.

आई, तुझी शिलाई मी पहिल्यांदा नीट पाहिली. कॉलर झिजली तेव्हा तू ती उसवून उलटी बसवली होतीस. आतली न विटलेली बाजू वर आली, म्हणून कॉलर शर्टापेक्षा जरा गडद आहे. छातीच्या खिशाच्या आत आणखी एक खिसा, बरोब्बर पंपाच्या मापाचा. पँटीची मुडप उसवावी लागली नाही, मी बाबांएवढीच उंच. कमरेला मात्र सहा पिना लावल्या. डांबराच्या गोळ्यांचा वास दोन दिवस केसांतून गेला नाही.

फोटो दिवाळीनंतरच्या एका सोमवारी काढला, सकाळी सातला, पहिल्या पाळीच्या भोंग्याच्या वेळेला. कॉलेजचा जुना फिल्मचा कॅमेरा, एका रोलात बाराच फोटो मिळतात. तिपाईवर लावून टायमर दाबायचा आणि पळत जाऊन जागेवर उभं राहायचं. पहिल्या चारात मी धापाच टाकतेय. नववा निघाला तो लागणार आहे. गेटावरचा पोरगा लातूरकडचा, माझ्याहून लहान. त्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, ‘ताई, बदलीवर आलात का?’ बाबा, बदलीवर! तुम्ही ज्या गेटापाशी बदली मिळेल म्हणून उभे राहायचात तिथेच. मला हसावं की काय करावं कळेना. खरं सांगितल्यावर तो म्हणाला, फुटपाथवर उभ्या राहा, पिवळ्या पट्टीच्या आत आलात तर मला वर कळवावं लागेल. बारा तासांची ड्यूटी, तीही उभ्याने. खुर्ची ठेवायची परवानगी नाही. त्यानेच कटिंग मागवला. त्याचा चेहरा मी फोटोत येऊ दिलेला नाही, उगाच त्याच्या नोकरीवर यायला नको.

म्हणजे काळजीचं काही नाही. फुटपाथ पालिकेचा, मी काही बेकायदा केलेलं नाही, पोलीस वगैरे कोणी आलं नाही. फोटोत कुठल्या पक्षाचा झेंडा नाही, कुठला पुढारी नाही, टॉवरचं नावही नाही. दोन पक्षांची माणसं मात्र येऊन गेली, एक बॅनर लावू का विचारत, दुसरे उद्घाटनाला साहेब येतील म्हणत. दोघांनाही चहा पाजून वाटेला लावलं.

आता कशासाठी, ते. माझ्या वर्गातल्या एका हुशार मुलीने मला विचारलं होतं, ‘लोअर परळला पहिल्यापासून ऑफिसंच होती ना?’ ती वाईट नाही, तिला कोणी सांगितलेलंच नाही. तिला सांगायला बसले तेव्हा कळलं की मलाही अर्धवटच माहीत आहे. मग लायब्ररीत बसून वाचलं. फोटो एकच आहे, पण छापताना त्याचे तीन उभे तुकडे केलेत. १९९१ च्या नियमाने गिरणीच्या जमिनीचे तीन वाटे व्हायचे होते. एक पालिकेला मैदानं-बागांसाठी, एक म्हाडाला घरांसाठी, एक मालकाला. २००१ मध्ये नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची करायची असं ठरलं. गिरणीत मोकळी जागा असून असून किती असणार? खाती, गोदामं, शेड, सगळं बांधलेलंच. २००६ मध्ये सुप्रीम कोर्टानेही तो बदल राहू दिला. म्हणून माझे दोन तुकडे वीतभर रुंद आहेत आणि तिसरा दाराएवढा. एका वीतभर पट्टीत फुटपाथवरचं जाळीत कोंडलेलं झाड. दुसऱ्या वीतभर पट्टीत मी, खांदे दोन्हीकडून कापलेले. आणि दाराएवढ्या भागात नुसती काच, त्या काचेत आपली चिमणी दिसते. चिमणी तेवढी ठेवलीय त्यांनी, रात्री तिच्यावर निळे दिवे सोडतात.

आमचे सर म्हणाले, हे जरा वर्तमानपत्री होतंय, फोटोला बोलू दे, तू कशाला बोलतेस. ते अर्धं खरं होतं. खाली लिहिलेल्या अकरा ओळींच्या मी तीन केल्या. मग दुसऱ्या काही जणांनी, ज्यांना फोटोतलं काही कळत नाही पण कोण नाराज होईल ते बरोबर कळतं, त्या तीन ओळीही काढायला सांगितल्या. त्या मी काढल्या नाहीत. म्हणून कॉलेजच्या प्रदर्शनात तो नाही. परीक्षकांना दाखवलाय, मार्क मिळतील तेवढे मिळतील. फीचं टेन्शन घेऊ नका, ती भरून झालीय. लग्नाचे अल्बम सुधारून देण्याचं काम महिनाभर पुरेल एवढं आहे. नवऱ्यामुलांच्या तोंडावरचे मुरूम काढायचे, बसल्या जागी पैसे. डबा रोज खाते. काल कुळथाची पिठी केली होती, तुझ्यासारखी नाही जमली, पण जमली.

बाबा, तुम्ही म्हणाल, ‘कशाक व्हयी ती कटकट?’ पण म्हाडाच्या फॉर्मची पोचपावती प्लास्टिकात घालून देवाच्या फोटोमागे तुम्हीच ठेवलीत. गिरणी कामगारांच्या घरांच्या २०१२ च्या पहिल्या सोडतीत घरं ६,९२५, अर्ज करणारे दीड लाखाच्या आसपास, आणि घर २२५ चौरस फुटांचं. तरी तुम्ही इस्त्रीचा शर्ट घालून गेला होतात. आता मुंबईबाहेर, पार शेलू-वांगणीला घ्या म्हणतात. गुडघ्याला पट्टा बांधून आझाद मैदानात तुम्ही गेलात ते कटकट म्हणून नव्हे ना?

थांब.

बाबा, हे तुमच्याशी.

सातवीत असताना मैत्रिणीच्या वाढदिवसाला तिच्या आईने आम्हाला गिरणीच्या जागी झालेल्या त्या टॉवरात नेलं होतं. गेटावर तुम्ही होतात. तुम्ही तिच्या आईची पर्स उघडून पाहिलीत, ‘या मॅडम’ म्हणालात. माझी पिशवी तुम्ही उघडली नाहीत. माझ्याकडे पाहिलंच नाहीत. मैत्रीण म्हणाली, ‘अगं, तुझी बॅग नाही चेक केली त्यांनी.’ आणि मी म्हणाले, ‘विसरला असेल.’

विसरला असेल. मी तुम्हाला जन्मात कधी एकेरीने बोलले नव्हते. मी तुमच्या डाव्या बाजूला होते आणि गिरणीतल्या साच्यांच्या आवाजाने तुमचा डावा कान तेव्हाच घालवला होता. तुम्हाला ऐकू गेलं नसेल, एवढ्यावर मी इतकी वर्षं काढली. त्या रात्री तुम्ही नेहमीसारखी खारी आणलीत, मी खाल्ली. तुम्हीही काही बोलला नाहीत.

तुम्ही पांढरा शर्ट घालून घरातून निघायचात आणि तिथे जाऊन कपडे बदलायचात, हे मला माहीत होतं. आई युनिफॉर्म आत वलणीवर साडीखाली वाळत घालायची, हेही. चाळीला कळू नये म्हणून. म्हणूनच चाळीत फोटो लावायचा म्हटल्यावर माझ्या पोटात गोळा आला होता. तुम्ही ज्यांच्यापासून लपवलंत त्यांच्यासमोरच मी तो टांगणार.

पण टोपीचं ऐका. फोटोतली टोपी तेवढी तुमची नाही, तुम्ही बघताच ओळखाल, बिल्ल्याची जागा वेगळी आहे. ट्रंकेत टोपी नव्हती. राणे काकींकडे दही विरजायला मागायला गेले तेव्हा बोलता बोलता सांगितलं. त्या काही न बोलता आत गेल्या आणि पिशवीत गुंडाळलेली काकांची टोपी आणून माझ्या हातावर ठेवली. राणे काकांची! मी बघतच राहिले. काकी म्हणाल्या, ‘तुझ्या बापाशीला आणि ह्यांना एकच बस होती गो. एकाच स्टॉपवर उतरायचे. दोघे वेगवेगळ्या दाराने.’

तुम्हाला माहीत होतं, बाबा? मला वाटतं माहीत होतं.

चाळीत सगळ्यांना माहीत होतं. तुमचंही आणि काकांचंही. कोणी विचारलं नाही, कारण तुम्हाला ते आवडलं नसतं. काका गेल्यावर काकींनी त्यांचे सगळे कपडे देऊन टाकले, टोपी तेवढी ठेवली.

फोटोत तुमचं नाव नाही, तिकीट नंबर नाही. चेहरा माझा. अर्थात नाक आईचं, त्यावरून ओळखणारे ओळखतीलच. खाली माझं नाव आहे, पूर्ण. जे. जे. मध्ये शिकलेल्या होमाई व्यारावाला, आपल्याकडच्या पहिल्या बाई वृत्तछायाचित्रकार, त्यांचे सुरुवातीचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले जायचे. बाईला कोण ओळखणार म्हणून. माझ्या फोटोबद्दल कोणाला भांडायचं असेल तर मला भांडू दे. आता त्यात आडनाव तुमचं येतं, त्याला माझा इलाज नाही.

तुम्हाला राग आला तर यावा. पण लाज वाटली असं म्हणू नका, एवढंच मागते. बारा तास उभं राहून तुम्ही माझी फी भरलीत. परीक्षेला निघताना माझ्या बुटांची नाडी तुम्ही वाकून बांधायचात. मी दहावीत होते, मला बांधता येत होती, तरी बांधू द्यायचे.

आता परत आईकडे द्या पत्र.

आई, कामाचं सांगते. मोहोर धरलाय, तर फवारणी गड्याकडून करून घ्या. बाबांनी पंप पाठीला लावायचा नाही आणि झाडाखाली उभं राहून सूचनाही द्यायच्या नाहीत. फवारणीच्या दिवशी त्यांना माडीवर ठेव. अंघोळीचं पाणी पाणचुलीवर तापवणं बंद. दादाने हीटर कशाला घेऊन दिलाय? खोक्यात ठेवायला? श्वासाचा पंप मारल्यावर बाबांनी चूळ भरलीच पाहिजे, नाहीतर घसा येतो, कणकवलीच्या डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. तुझी बीपीची गोळी सकाळची सकाळीच, देवळातून आल्यावर नव्हे. गावाच्या ग्रुपवर कोणी फोटो टाकला आणि काही लिहिलं तर तू उत्तर देऊ नकोस. अंगठाही नको. भाऊकाका लिहिणारच, त्यांना लिहू दे.

रागावून बोलतेय असं समजू नका. इतक्या लांबून दुसरं काही करता येत नाही म्हणून हुकूम सोडते.

१८ जानेवारीच का, ते तुम्हाला सांगायला नको, १९८२ चा गिरण्यांचा संप त्याच दिवशी सुरू झाला. तुम्हीच म्हणता ना बाबा, संप मागे घेतल्याचं अजून आम्हांक कोणी कळवूक नाय. यायचं असेल तर शुक्रवारच्या रात्रीच्या गाडीची दोन खालची तिकिटं काढते, दादा ठाण्याला घ्यायला येईल. जिना चढायची घाई नाही, पहिल्या मजल्यावर काकींकडे बसून मग वर या. नाही आलात तरी मी रुसणार नाही, म्हणजे थोडी रुसेन.

युनिफॉर्म आज धुतला. कॉलर हाताने चोळली, ब्रश लावला नाही. बाहेर गॅलरीतल्या दांडीवर वाळत घातलाय, राणे काकींच्या लुगड्याशेजारी.

तुमची,
बाय

ता. क. बुधवारी ट्रॅव्हल्सवाला कणकवली स्टँडवर पाकीट देईल. त्यात कानाच्या मशीनचे सहा सेल आहेत. जुने काढून डब्यात जपून ठेवू नका, फेकून द्या.