तान्ह्या पोळ्याला तू नव्हतीस

चि. सोनू हिस,
आईचे अनेक आशीर्वाद.

फोन तू उचलत नाहीस. उचललास तरी मला फोनवर नीट बोलता येत नाही, आवाज चढतो. म्हणून लिहून राहिली. रघू उद्या सातच्या गाडीने नागपूरला येतो आहे, त्याच्याजवळ हे पत्र आणि डबा देते. सुरुवातीलाच सांगते, तुझ्या बॅगेत सापडलेल्या त्या गांजाच्या पुडीबद्दल मी यात काही विचारणार नाही.

आधी माझी चूक. पोळ्याच्या दिवशी मी जे बोलले, "अशा हातानं लोकायले सुया टोचतं का तू?", ते तोंडातून निघायला नको होतं. बैलांची पूजा आटोपली होती, पुरणाचं ताट वाढलं होतं आणि तू न जेवता उठलीस. तुझा हात मी ओळखत नाही का? बबीआत्याची शीर कोणाला सापडत नव्हती, तीन ठिकाणी टोचून झालं होतं, हात काळानिळा. तू आलीस, दंडाला रबर बांधलं, बोटानं दोनदा चाचपलं आणि एका झटक्यात सलाईन सुरू. आत्या अजून सगळ्या वाड्यात सांगते. त्या हाताला मी असं बोलले. दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा होता. गोलूने तुझाच लाकडी बैल नेला, एक शिंग तुटलेला, आणि दारोदार बोजारा मागताना सांगत होता, "हा सोनूआत्याचा बैल आहे." तू तेव्हा गाडीत होतीस.

बॅग मी झडती घ्यायला उघडली नव्हती, एवढं मनातून काढून टाक. चेन उसवली होती, ती शिवायला घेतली. आतल्या कप्प्यात बामची डबी दिसली. डोकं दुखत होतं म्हणून उघडली, तर आत ती पुडी. वास आला आणि मी एकदम मारुतीच्या पाराजवळ जाऊन उभी राहिली. किसनआजा तिथं बसायचे. ओली साफी चिलमीच्या बुडाशी गुंडाळायची, दोन्ही हातांची मूठ करायची, आणि लेकरं जवळ आली की उलट्या हातानं हाकलायचे. तू बालवाडीत होतीस, तुला आठवणार नाही. माणूस वाईट नव्हता. बैलाचा दात पाहून वय सांगायचे आणि कधी चुकले नाहीत. शेवटी शेवटी वावरातून घरचा रस्ता विसरायचे. तुझे बाबा कंदील घेऊन नाल्याकडे शोधायला जात. ते गांजानं होतं की म्हातारपणानं, कोणास ठाऊक. तेव्हा त्यांना कोणी बोललं नाही. महाशिवरात्रीची भांग तर आजही घोटतात. मला हे काही नवीन नाही, सोनू. पण ते नर्स नव्हते.

मिशिगनच्या हॉस्पिटलात तू नोकरीला जाणार, आणि घेण्याआधी ते लघवी तपासणार. तू म्हणालीस, "माय, मिशिगनले दुकानात मिळते, बिल देतात." मिळत असेल. २०१८ मध्ये तिथल्या लोकांनी मत देऊन ते मोकळं केलं, खरं आहे. पण त्याच कायद्यानं नोकरी देणाऱ्याचे हात बांधलेले नाहीत. हॉस्पिटलने म्हटलं आमच्याकडे चालत नाही, की चालत नाही. आणि अख्ख्या देशाच्या कायद्यात शौकासाठी ओढायला अजून मनाईच आहे. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२४ पासून नियम झाला आहे म्हणे, की अंगात राहिलेल्या जुन्या अंशावरून बहुतेक मालकांनी माणूस नाकारायचा नाही. तुझं हॉस्पिटल कॅलिफोर्नियात आहे का? आणि तू तर अजून नागपुरातच आहेस. इथं १९८५ चा कायदा आहे. ओढणाऱ्यालासुद्धा सहा महिन्यांपर्यंत कैद नाहीतर दहा हजारांपर्यंत दंड, नाहीतर दोन्ही. एकदा कागदावर नाव आलं की व्हिसावाल्यांना काय दाखवशील?

हे सगळं मला उपकेंद्रातल्या आरोग्य अधिकारी, सीएचओ मॅडमनी सांगितलं. तुझं नाव घेतलं नाही. माझ्या गटातल्या एका बाईचा मुलगा कंपनीत लागतो आहे, असं म्हटलं. इतकी वर्षं आशा म्हणून काम करते आहे, रजिस्टरमध्ये कधी खोटी नोंद केली नाही, पण त्या दिवशी तोंडावर खोटं बोलले. मॅडमनी कागदावर लिहून दिलं. एखाद्या वेळेस ओढली तर लघवीत तीनेक दिवस सापडते. रोजची सवय असेल तर महिनाभर, कधी त्याहून जास्त. दारूसारखी ती रात्रीतून उतरत नाही, चरबीत जाऊन बसते आणि थोडी थोडी बाहेर येत राहते. पहिल्या तपासणीत ५० नॅनोग्रॅमची रेघ, तिथं सापडलं की मोठ्या मशीनवर १५ ची.

मी मॅडमला विचारलं, मग माणूस ड्युटीवर नशेत होता की मागच्या रविवारी सुट्टीत ओढली होती, हे त्यात कसं कळतं? त्या म्हणाल्या, कळत नाही. मला ते अन्यायाचं वाटलं, खरं सांगते. शनिवारी बाटली रिचवणारा सोमवारी साफ निघतो आणि तीन आठवड्यांआधी दोन झुरके घेतलेली पोरगी अडकते. तू चिडून हेच सांगत होतीस. यात तुझं बरोबर आहे. पण बरोबर असून नोकरी गेली तर त्या बरोबर असण्याचं काय करायचं?

आणि ते पाणी ढोसून, मोबाईलवर दाखवतात ती पावडर घेऊन काही करायला जाऊ नको. लघवीच्या डब्याला तापमानाची पट्टी असते, चार मिनिटांच्या आत पाहतात. लघवी फार पातळ असली की क्रिएटिनिनवरून कळते. तुला हे मी काय सांगावं, तू आयसीयूत काम करतेस. पण इतकी वर्षं मी थुंकीचे डबे तालुक्याला पोचवले. लोक घाईत नुसती लाळ देतात. मी झाकण उघडून पाहते, पाण्यासारखं दिसलं की परत पाठवते, सकाळी उठल्या उठल्या खोकून दे म्हणते. लाळेच्या डब्यावर "टीबी नाही" असं लिहून येतं आणि माणूस घरात खोकत राहतो. तू तसला डबा देऊ नको.

तू तिसरीत होतीस तेव्हा मी आशा झाले. पोलिओच्या रविवारी तू माझ्याबरोबर बूथवर यायचीस. बर्फाच्या पेटीचा पट्टा खांद्यावर घ्यायचा हट्ट, पेटी गुडघ्याला आपटायची. लेकरांच्या डाव्या करंगळीच्या नखावर शाई लावायचं काम तुझं. संध्याकाळी पेन उरला तर तू स्वतःची दहाही नखं रंगवलीस. शाळेत गुरुजी ओरडले तर म्हणालीस, "मी सगळ्यायचा डोस घेतला." तुझे बाबा हे आठवून अजून एकटेच हसतात.

त्यांना मी काही सांगितलेलं नाही. सोनू कामाचा फोन आला म्हणून गेली, एवढंच त्यांना माहीत आहे. अमेरिकेतल्या नर्सिंगसाठीच्या हैदराबादच्या परीक्षेला ते तुझ्याबरोबर आले होते, जेवणाचा डबा मांडीवर घेऊन बाहेर बसून राहिले. ८५ प्रश्नांनंतर कॉम्प्युटर बंद पडला म्हणून तू रडत बाहेर आलीस, नापास झाले म्हणालीस. लवकर बंद होणं चांगलंही असू शकतं, हे त्यांना कुठून कळणार! त्यांनी डबा उघडला आणि म्हणाले, "आधी जेव, मंग रड." निकाल आला त्या दिवशी सोयाबीनला भाव नव्हता तरी दोन किलो पेढे वाटले. तुझ्या नर्सिंगच्या, जीएनएमच्या फीसाठी माझी पोत गहाण पडली होती ते मी काढणार नाही, काढायचं नाही असं ठरवलंच होतं. बघ, काढलंच. त्याचं ओझं तू घेऊ नको. ती पोत तूच पहिल्या पगारांतून सोडवून आणलीस.

बंद केलंस का?

विचारणार नव्हते. विचारलं. खोडून नवीन कागद घ्यावा वाटलं होतं, पण राहू दे.

व्हिसाच्या मेडिकलला मुंबईला जाशील तेव्हा डॉक्टर विचारतात, नशेचं काही घेतलं का. तिथं खोटं बोल असं मी सांगू शकत नाही. आणि खरं सांगितलंस तर काय होईल याच्या भीतीनं दोन रात्री मी छपरीत बसून काढल्या. यातून वाट मला सापडली नाही. एवढंच सुचतं की आजपासून सोड, आणि अंगातून पूर्ण जाईपर्यंत तारीख पुढची माग. महिना दोन महिने उशीर झाला तर होऊ दे. अमेरिका काही पळून जात नाही. पळून गेली तरी आपल्या जिल्ह्याच्या दवाखान्यात तुझ्यासारखीची गरज आहेच. झालं, पुन्हा भाषण झालं.

खरं मला दुसरंच लिहायचं होतं. त्या दिवशी तू एक वाक्य बोललीस आणि मी ते ऐकलं नाही, डोळे डबीवर होते. तू म्हणालीस, "माय, मले झोपच येत नाही." दोन दिवसांनी शेणखताची टोपली उचलताना ते मला ऐकू आलं.

मला कळायला पाहिजे होतं. २०२१ च्या एप्रिलमध्ये तू व्हिडिओ कॉल करायचीस, हॉस्पिटलच्या मागच्या पार्किंगमधून, नाकावर मास्कचा वळ रुतलेला. मीही इथं ऑक्सिमीटर घेऊन घरोघर फिरत होते, आदल्या सप्टेंबरात "माझे कुटुंब माझी जबाबदारी" झालं तेव्हापासून ते माझ्या पिशवीतच होतं. ९० च्या खाली आकडा दिसला की माझेच पाय लटपटायचे. तू तर रात्रभर ते आकडे उतरताना पाहायचीस. चौदा नंबरच्या काकांच्या मुलाला फोन लावून दिलास आणि त्यांच्या कानाशी धरून उभी राहिलीस, हे एकदाच सांगितलंस. नंतर कधी नाही. पण त्यानंतर घरी आलीस की ट्यूबलाईट चालू ठेवूनच झोपायचीस. बाबा बिलाबद्दल बोलले आणि मी त्यांना गप्प केलं. एवढंच केलं. तुला विचारलं नाही.

उपकेंद्राच्या भिंतीवर १४४१६ चा कागद मीच चिकटवला आहे. टेली मानस, मनाच्या त्रासासाठी सरकारचा फोन. मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत, रात्री दोनलाही उचलतात. खताच्या दुकानात, बचत गटात, कर्जापायी गप्प बसलेल्या माणसांच्या घरी, सगळीकडे हा नंबर मी लिहून दिला आहे. माझ्या घरात मात्र कधी लिहिला नाही. आता लिहिला, वर बघ. नाहीतर तुमच्याच हॉस्पिटलात झोपेचे डॉक्टर असतील, त्यांना दाखव, पुडीचंही सांग. डॉक्टरला सांगायला लाजू नको. तू स्वतः पेशंटना हेच सांगतेस.

डब्यात वडे आणि करंज्या आहेत. पुरणपोळी टिकली नसती. तुरीची डाळ वेगळ्या पिशवीत आहे, भिजवून घे, या खेपेची जड शिजते. पुढच्या वेळी येताना बॅग बरोबर आण, चेन अर्धीच शिवून झाली होती.

रविवारी बाबा वावरात गेले की साडेदहाला फोन करीन. उचल. पुडीचं विचारणार नाही, या वेळेस खरंच नाही. शनिवारच्या रात्री किती वाजता डोळा लागला आणि किती वाजता उघडला, तेवढं सांग.

तुझी
आई