नेमक्या ढगाळ दिवशी सेन्सर बंद!

महोदय,

द्राक्षबागेत हवामानाचे आणि पानांवरच्या ओलाव्याचे सेन्सर बसवा, असा आग्रह आता सगळीकडून होतो आणि तो योग्यच आहे. परंतु त्या सेन्सरला वर्षभर वीज कशी मिळणार, हे खरेदीच्या वेळी क्वचितच कोणी विचारते. मी तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्स शिकवतो आणि निफाड तालुक्यात आमची स्वतःची बाग आहे, म्हणून हे पत्र.

गेल्या हंगामात गोडी छाटणीनंतर, म्हणजे फळांसाठीच्या छाटणीनंतर, वेली चार-पाच पानांवर असताना सलग पाच दिवस आभाळ भरून राहिले. डाउनी (केवडा) रोगाची भीती सर्वांत जास्त असते ते हेच दिवस, आणि आमचा सेन्सर तिसऱ्याच दिवशी बंद पडला. ऊन पडल्यावर तो आपोआप सुरू झाला, पण मधल्या नोंदी गेल्या त्या गेल्याच; फवारणी अंदाजानेच करावी लागली. डबी उघडली तर सोलर पट्टी धडधाकट होती. ती एका साध्या सिलिकॉन डायोडमधून, म्हणजे वीज एकाच दिशेने जाऊ देणाऱ्या भागातून, थेट बॅटरीला जोडलेली होती. ढगाळ उजेडात पट्टीचे व्होल्टेज घटते, त्यातले सुमारे 0.6 व्होल्ट डायोड खातो आणि उरलेले बॅटरीच्या व्होल्टेजहून कमी भरले की चार्जिंग पूर्ण थांबते.

वास्तविक गरज फार थोडी असते. तासाला एकदा नोंद पाठवून एरवी झोपेत काही मायक्रोअँपिअरच घेणाऱ्या, नीट बांधलेल्या सेन्सरला दिवसाकाठी साधारण 5 ज्यूल पुरतात. एक चौरस सेंटिमीटरची पट्टी लख्ख उन्हात तेवढी ऊर्जा पाच-सहा मिनिटांत देते. उजेड दहाव्या हिश्शावर आला तरी तासाभराचे काम आहे. मात्र एका सिलिकॉन सेलचे व्होल्टेज अर्ध्या व्होल्टच्या आसपासच असल्याने ते चढवणारा बूस्ट कन्व्हर्टर लागतो. तो स्वतः किती वीज खातो, उजेड बदलेल तशी पट्टीकडून कमाल शक्ती काढून घेतो का आणि साठा पूर्ण संपल्यावर आपणहून पुन्हा सुरू होतो का, यावर सगळे अवलंबून असते. पंपाच्या थरथरीवर चालणारी पिझो पट्टी किंवा मोटारीच्या उष्णतेवर चालणारा थर्मोइलेक्ट्रिक तुकडा वापरला तरी हे मधले सर्किट चुकत नाही, कारण पहिलीचा प्रवाह उलटसुलट असतो आणि दुसऱ्याचे व्होल्टेज थोड्या तापमान-फरकावर जेमतेम वीस-पन्नास मिलिव्होल्टच भरते.

म्हणून कृषी विभागाने आणि शेतकरी उत्पादक कंपन्यांनी सेन्सर खरेदीच्या अटींत दोन आकडे सक्तीचे करावेत, अशी माझी विनंती आहे: ऊन नसताना सेन्सर किती दिवस दर तासाला नोंद पाठवील, आणि त्याचे चार्जिंग सर्किट स्वतः किती मायक्रोअँपिअर घेते. विक्रेत्याने ते छापील द्यावेत व बागेत मोजून दाखवावेत.

आमच्या विद्यार्थ्यांनी त्या डायोडच्या जागी बूस्ट सर्किट बसवले आहे. त्याची आकृती आणि मोजमापे कोणाही बागायतदाराला आम्ही विनामूल्य देऊ.

— एक अध्यापक व द्राक्ष बागायतदार, ता. निफाड, जि. नाशिक