प्रमाणपत्राचं राहू दे, काम दाखव

भांडुप, रविवार रात्र

प्रिय मनू,

परवा तू फोनवर म्हणालीस, "सहा वर्षं घरी बसलेल्या बाईला कोण विचारतंय?" मी गाडीत होते, घाटकोपरची गर्दी आत शिरत होती, धड बोलता आलं नाही. ते वाक्य मात्र डोक्यातून जात नाहीये, म्हणून लिहायला बसले.

आधी त्या कंपनीचं. "तीन महिने बिनपगारी करा, मग बघू" म्हणणाऱ्यांना सरळ नाही कळव. नफा कमावणाऱ्याकडे फुकट राबायचं नाही. मी तुला स्वयंसेवा कर म्हणते, ती ही नव्हे.

माझंही स्वयंसेवेचं पहिलं वर्ष चुकीच्या वाटेनं गेलं. एकदा किनारा साफ करायला गेले, एकदा मॅरेथॉनला पाणी वाटलं, दोन्हीकडून प्रमाणपत्रं आणली. कामं चांगलीच होती गं. पण नोकरीच्या मुलाखतीत समोरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही नेमकं काय केलंत?" आणि मला सांगण्यासारखं काही सुचेना. माझ्या सॉफ्टवेअर टेस्टिंगशी त्याचा संबंध नव्हता, आणि मी परत तिकडे फिरकलेही नव्हते.

मग दादरला अंध विद्यार्थ्यांसाठी काम करणाऱ्या एका संस्थेत जायला लागले. परीक्षेला रायटर म्हणून, म्हणजे विद्यार्थी सांगेल ते उत्तर लिहायला, बसायचं मनात होतं. पण तेव्हाच्या नियमाप्रमाणे विद्यार्थ्यानं स्वतः आणलेला रायटर त्याच्यापेक्षा एक पायरी कमी शिकलेला लागायचा, त्यामुळे मी बाद. म्हणून पुस्तकं संगणकावर ऐकता येतील अशी करून द्यायचं काम घेतलं.

पहिल्याच शनिवारी बी.ए.च्या एका मुलानं इतिहासाच्या नोट्सची पीडीएफ उघडली. मला पडद्यावर स्वच्छ मराठी दिसत होतं आणि त्याच्या हेडफोनमध्ये स्क्रीन रीडर, म्हणजे पडद्यावरचं मोठ्यानं वाचणारं सॉफ्टवेअर, इंग्रजी अक्षरं, कंस, टक्क्याची चिन्हं वाचत होतं. नोट्स जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये होत्या. त्यात मराठी अक्षराचं नुसतं चित्र असतं, आत कोड इंग्रजी अक्षराचा. तो शांतपणे म्हणाला, "ताई, बहुतेक असंच असतं. मग कुणी वाचून दाखवेपर्यंत थांबायचं." त्या रात्री घरी येऊन मी एनव्हीडीए नावाचा स्क्रीन रीडर उतरवून घेतला, तो फुकट मिळतो, आणि पडदा बंद करून तासभर नुसतं कानानं काम करून पाहिलं. साधा मेल पाठवता आला नाही मला.

असा मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे मराठी अक्षराला मराठीचाच कोड असलेल्या पद्धतीत, बदलून देणारे कन्व्हर्टर आहेत, पण रफार सरकतो, पहिली वेलांटी भलत्याच अक्षराला चिकटते, जोडाक्षरं फुटतात. सगळं ओळीनं तपासावं लागतं. एका प्रकरणाची पानं स्कॅन केली होती, त्या चित्रांतून संगणकानं मजकूर ओळखताना पेशवाई संपल्याचं साल १८१८ चं १८७८ झालं आणि माझ्या नजरेतून सुटलं. त्या मुलानं तेच पाठ केलं. परीक्षेच्या आठ दिवस आधी त्याच्याच मित्रानं चूक पकडली. मी त्याची माफी मागितली, पण मला फार लागलं ते. तेव्हापासून मी वही घातली: कुठलं प्रकरण, कोणती चूक, कुणी तपासलं, आणि आकडे नेहमी दुसऱ्याकडून वाचून घ्यायचे. दोन वर्षं, एखादा अपवाद सोडला तर दर शनिवारी.

नोकरीच्या वेळी तीच वही मी टेबलावर ठेवली. माझ्या पाच वर्षांच्या खंडाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांचंच ॲप स्क्रीन रीडरवर लावून ऐकवलं. ओटीपीच्या पानावर तो नुसता "बटण, बटण" म्हणत होता. शिवाय संस्थेच्या समन्वयक ताईंचा नंबर दिला. त्या माझ्याबद्दल वीस मिनिटं बोलल्या म्हणे. पगार जुन्यापेक्षा कमी मिळाला, हेही सांगते. पण या कामाला आता मागणी आहे. अपंगांच्या हक्कांचा कायदा २०१६ चा, आणि ३० एप्रिल २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं डिजिटल सेवा वापरता येणं हा राज्यघटनेच्या अनुच्छेद २१ मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग ठरवला. त्यामुळे बँकांना, शेअर ब्रोकरना हे जाणणारी माणसं लागतात.

तुझ्याकडे तर हिशेब आहेत, मनू! मुंबईत धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेले कितीतरी छोटे ट्रस्ट आहेत, मनापासून काम करणारे, पण पावत्या चपलेच्या खोक्यात. ऑडिट दरवर्षी करावंच लागतं, देणगीवर करसवलत मिळवून देणारी ८०जी नोंदणी असेल तर देणगीदारांचं विवरणपत्रही भरायचं असतं. मार्च संपला की त्यांची तारांबळ उडते. असा एकच ट्रस्ट धर. जमतील तेवढेच तास सांग, पण सांगितलेले मोडू नकोस. लोक तुझ्यावर विसंबलेले असतात, आणि उद्या तुझ्याबद्दल कुणी खात्रीनं बोलणार असेल तर ते हेच लोक. सुरुवातीलाच काम ठरवून लिहून घे, नाहीतर चहापाण्यापासून सगळं तुझ्यावर येईल.

आमच्या संस्थेच्या खजिनदार काकांचं वय झालंय, त्यांना टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर जमत नाही. मी तुझं नाव अजून काढलेलं नाही, तुला विचारल्याशिवाय काढणार नाही. पण या शनिवारी नुसती बघायला तरी ये. दोन वाजता दादरला उतर, मी मधल्या पुलाखाली इंडिकेटरजवळ उभी असेन. चार्जर आण, तिथे एकच आहे.

तुझीच,
ताई नव्हे, मैत्रीण