दादाच्या विसरण्याबद्दल

तीर्थरूप आई-बाबांना सा. न.,

काल फोनवर बाबा म्हणाले, "मुद्दाम करायलाय तो." आई मागून काहीच बोलली नाही. तेव्हापासून चैन नाही, म्हणून लिहायला बसले.

दादा मुद्दाम करत नाही, बाबा. आंबिलीच्या बिंदग्याला दुसऱ्या कुणाचा हात लागू न देणारा तो, यंदा वेळ अमावास्येला बांधावर थांबून "कुठं जायचं?" विचारत होता. सकाळी शर्टाचं बटण चिमटीत धरून नुसता उभा होता. काज समोर होतं, पण पुढं काय करायचं ते त्याला सुचेना.

त्याला डाउन सिंड्रोम आहे, म्हणजे त्याच्याकडं 21 वं गुणसूत्र दोनाऐवजी तीन आहे. त्यावरच एपीपी नावाचं जनुक असतं. त्यातून तयार होणाऱ्या प्रथिनाचे तुकडे, म्हणजे अमायलॉइड, मेंदूत साचतात. जनुकच तीन, म्हणून साचणंही लवकर. डाउन सिंड्रोम असलेल्या जवळपास सगळ्यांच्या मेंदूत चाळिशीपर्यंत हे दिसतं. डिमेन्शिया, म्हणजे स्मृती आणि समज ढासळणं, उघड होतो तो साधारण पन्नाशीत. डाउन सिंड्रोम असूनही ज्यांच्यात गुणसूत्राचा एपीपीचा तुकडा तिप्पट झालेला नव्हता, अशा एखाद-दुसऱ्याची स्मृती सत्तरीनंतरही शाबूत राहिलेली आहे. शिवाय 19 व्या गुणसूत्रावरच्या एपीओई जनुकाचा ई4 प्रकार अंगात असला, तर दुखणं आणखी थोडं आधी सुरू होतं.

आई, यात तू पाळलेलं-न पाळलेलं ग्रहण कुठंच येत नाही. आजीचे ते बोल आता मनातून काढ.

पण दादा अजून 44 चा आहे. थायरॉइड कमी झालं, बी-12 उतरलं, कानात मळ साचला, मोतीबिंदू झाला, झोपेत श्वास अडकायला लागला, तरी माणूस असाच हरवल्यासारखा वागतो. यातल्या बऱ्याच गोष्टींवर इलाज आहे. तिथल्या डॉक्टरांनी "हे लोक असेच असतात" म्हणत न तपासता परत पाठवलं, त्याचा मला भयंकर राग आलाय. आधी हे सगळं तपासायचं, मग डिमेन्शियाचं बोलायचं.

तोवर त्याच्यावर ओरडू नका, ओरडलं की तो जास्तच गोंधळतो. काय विसरला, कधी विसरला, वहीत लिहा. हातपाय झटकले किंवा फिट आली तर रात्र असली तरी फोन करा.

पुढं त्याचं कसं, ही काळजी तुम्ही करू नका. तो माझ्याकडं राहील, आमचं घरात ठरलंय.

रविवारी येते. सोमवारी लातूरला जाऊ. त्याचं आधारकार्ड आणि जुन्या रिपोर्टांची पिशवी काढून ठेवा.

तुमची,
ताई