दाराजवळचे पिंजरे

मुलुंड (पूर्व)
रविवार सकाळ

चि. निनाद,

अनेक आशीर्वाद.

गुरुवारी रात्री तू फोन ठेवलास आणि बाबा म्हणाले, "अगं, पोराला बढती मिळालीय आणि तू तोंड एवढंसं करून काय बसलीस?" तोंड एवढंसं नव्हतं रे, विचारात होते. 'हेड, बायोलॉजिक्स फार्माकोलॉजी', म्हणजे अँटीबॉडीसारख्या औषधांचा परिणाम तपासणाऱ्या विभागाचा प्रमुख, हाताखाली चौदा माणसं, आणि तुझा प्रश्न एकच, "आई, पिपेट सुटेल ना गं हातातून?" मी "बघू, झोप आता" म्हटलं. रात्री साडेअकराला मला धड काही सुचत नाही. आणि व्हॉट्सॲपवर एवढं टाइप करायचं म्हणजे अंगठ्याची वाट लागायची. म्हणून पत्र.

पिपेट सुटेल, म्हणजे स्वतःच्या हातानं प्रयोग करणं सुटेल. हे आधीच सांगून टाकते. पहिलं वर्षभर तू संध्याकाळी सहानंतर लॅबमध्ये घुटमळशील, हौसेनं एखादी एलायझा चाचणीची प्लेट लावशील, आणि तुझ्या हाताखालची मुलं मनातल्या मनात वैतागतील, कारण साहेबांनी लावलेली प्लेट नोंदवहीत चढवायचं काम त्यांच्याच गळ्यात. दुसऱ्या वर्षी पेशी तपासायच्या नव्या यंत्राचा, फ्लो सायटोमीटरचा, पासवर्डही तुला ठाऊक नसेल. मला याचं वाईट वाटलं होतं, पण वाटेल असं वाटलं होतं तेवढं नाही.

माझा हात कशावर बसला ते तुला लहानपणी सांगितलंय, तरी पुन्हा सांगते. एम.फार्मला आमच्याकडे कायमोग्राफ होता, स्नायूची हालचाल कागदावर रेघेनं उमटवणारं यंत्र. गिनीपिगच्या आतड्याचा दोन-अडीच सेंटिमीटरचा तुकडा, दोन्ही टोकांना दोरा बांधून 37 अंशांच्या टायरोडमध्ये, म्हणजे क्षारांच्या पाण्यात, टांगलेला, खालून हवेचे बुडबुडे. हिस्टामिन पडलं की तो आक्रसायचा आणि तरफेचं टोक काजळी धरलेल्या कागदावर पांढरी रेघ ओढायचं. ड्रमवर गुळगुळीत कागद गुंडाळून तो धुरावर काळा करायचा, रेघा उमटल्या की अलगद सोडवून शेलॅकमध्ये, म्हणजे लाखेच्या द्रावणात, बुडवायचा, दोरीवर वाळत टाकायचा. मध्येच कुठे बोट लागलं की दिवस गेला. आमचे सर म्हणायचे, या कागदावर खोटं बोलता येत नाही. मला ते तेव्हाही पटलं नव्हतं. कुठला कागद शेलॅकमध्ये जायचा आणि कुठला केराच्या टोपलीत, ते आम्हीच ठरवत होतो की!

तुझी नवी खुर्ची त्या टोपलीशेजारची आहे. मला घोर आहे तो त्याचा, पिपेटचा नाही.

मी नोकरीला लागले तेव्हा इथे मुलुंडला हेक्स्टचं संशोधन केंद्र जोरात होतं. कोलियस जातीच्या एका रोपाच्या मुळांतून त्यांनी फोर्स्कोलिन काढलं होतं आणि आम्ही दुसऱ्या कंपनीतली माणसं जरा जळायचो त्यांच्यावर. मोठं खपाचं औषध काही झालं नाही त्याचं. पण सायक्लिक एएमपी हा पेशीतला निरोप्या रेणू मोजायचा म्हटलं की आज जगभरच्या लॅबमध्ये पॉझिटिव्ह कंट्रोल, म्हणजे हमखास परिणाम दाखवणारा नमुना, म्हणून तेच वापरतात, तुझ्याही फ्रीजमध्ये असेल एखादी कुपी. औषध व्हायला निघालेला रेणू हत्यार होऊन बसला. अशा रेणूचं खातं जमेत लावायचं की खर्चात, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता तुमचं युग वेगळं. 2025 च्या जुलैत ग्लेनमार्कच्या गटातल्या कंपनीनं आयएसबी 2001 ही अँटीबॉडी ॲबव्ही या अमेरिकी कंपनीला दिली, आगाऊ रक्कम 70 कोटी डॉलर. आमच्या निवृत्तांच्या ग्रुपवर दोन दिवस तोच आकडा फिरत होता. मला आकड्यापेक्षा रचनेचं कौतुक वाटलं. एकच अँटीबॉडी, मायलोमा या रक्ताच्या कर्करोगाच्या पेशीवरच्या दोन खुणा धरते आणि तिसऱ्या हातानं टी-पेशीला, शरीराच्या शिपायाला, ओढून आणते. आम्ही रेणूला एक मिथाइल जोडला तर आठवडाभर मिरवायचो.

पण बाळा, तुमचं औषध चोखंदळ, आणि तीच तुझी डोकेदुखी. ॲस्पिरिनचा रेणूभार 180, तुझी अँटीबॉडी दीड लाखाच्या घरात. आमचा रेणू उंदराला दिला, कुत्र्याला दिला, माणसाला दिला, पुष्कळदा थोडंफार तेच करायचा. तुझी अँटीबॉडी माणसाच्या प्रथिनाला घट्ट धरेल आणि उंदराच्या त्याच प्रथिनाला ओळखही दाखवणार नाही. मग उंदराच्या प्रथिनाला धरणारी सरोगेट अँटीबॉडी करा, नाहीतर माणसाचं जनुक घातलेला उंदीर आणा, नाहीतर माकडाकडे जा. माणसाची अँटीबॉडी उंदराला टोचत राहिलं की त्याचं शरीर तिच्याच विरुद्ध उठतं आणि औषध रक्तातून गायब होतं. माणसात मात्र बहुतेकींचं हाफ-लाइफ, रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायचा काळ, दोन-तीन आठवडे. गोळी सोसली नाही तर उद्यापासून बंद. हे दिलेलं परत कसं घेणार? तेव्हा फार्माकोलॉजीवाल्याला शेवटी बोलावून 'जरा एक मॉडेल लावून द्या' म्हणणारी कंपनी असेल, तर तिथे हेड होण्यात राम नाही. टार्गेट, म्हणजे औषधानं कशावर नेम धरायचा, ते ठरवतात त्या बैठकीत तुझी खुर्ची हवी.

लंडनचं प्रकरण तू पाठ्यपुस्तकात वाचलंयस. मी ते घडताना वाचलं. 13 मार्च 2006, नॉर्थविक पार्क हॉस्पिटल, टीजीएन 1412 या अँटीबॉडीची माणसावरची पहिली चाचणी. आठ धडधाकट तरुण, दोघांना प्लासिबो, म्हणजे औषध नसलेलं नुसतं पाणी, सहांना अँटीबॉडी, एकापाठोपाठ एक, मध्ये दहाएक मिनिटांचं अंतर. पहिल्याला त्रास सुरू व्हायच्या आत सगळ्यांच्या शिरेत औषध गेलेलं. सहाही जणांचे अवयव निकामी होऊ लागले, सगळे वाचले हेच नशीब. डोस तर माकडाला निर्धोक ठरलेल्या डोसच्या पाचशे पट कमी होता. चौकशी झाली, औषध बनवण्यात खोट नव्हती.

पुढे ब्रिटनच्या जैविक मानकांच्या संस्थेत जे सापडलं ते मी माझ्या प्रत्येक नव्या मुलाला सांगायची. माणसाच्या रक्तपेशींत तीच अँटीबॉडी नुसती पाण्यात विरघळवून घातली तर काही म्हणजे काही होत नव्हतं. तीच प्लेटच्या तळाला वाळवून चिकटवली आणि वर पेशी सोडल्या, की सायटोकाइन्सचा, म्हणजे दाह भडकवणाऱ्या प्रथिनांचा, लोंढा. तीच अँटीबॉडी, त्याच पेशी. आणि माकडाचं म्हणशील, तर त्याच्या इफेक्टर मेमरी टी-पेशींवर ती अँटीबॉडी जिला धरते ती सीडी28 ही खूणच नव्हती. ज्या पेशींनी माणसात थैमान घातलं, त्या माकडात बहिऱ्या होत्या. आता पहिला डोस काढताना 'किती निर्धोक' यापेक्षा 'कितीला नुकता परिणाम दिसू लागेल' तिथून मोजतात, आणि आधी एकालाच देऊन थांबतात. ते सगळं ठीक. मला नेहमी वाटतं, तळाला चिकटवून बघू का, असं एखाद्या ज्युनिअरच्या मनात आलं असतं, तर त्यानं ते कुणाला सांगितलं असतं?

हा प्रश्न मी दुसऱ्यांना विचारते आहे असं समजू नकोस. माझं स्वतःचं सांगते, जे बाबांनाही अर्धंच ठाऊक आहे.

1994 साल. सुजेवरचा एक रेणू आमच्याकडे होता. कॅराजीनन मॉडेल, म्हणजे उंदराच्या मागच्या पंजात सूज आणणारं कॅराजीनन 0.1 मिली टोचायचं, घोट्यावर पेनानं रेघ मारायची, आणि तीन तासांनी पंजा त्या रेघेपर्यंत पाऱ्यात बुडवून सूज मोजायची. आमचा रेणू सूज जवळजवळ निम्म्यावर आणत होता. एकदा नाही, चार वेळा. सगळे खूष. ॲनिमल हाऊस सांभाळायला दत्ताराम म्हणून एक जण होते, सावंतवाडीकडचे, कामाला चोख. एका गुरुवारी मला म्हणाले, "मॅडम, दाराजवळचे उंदीर रात्रभर झोपत नाहीत. पलीकडे जनरेटर आहे ना. अंग फुगवून बसतात." मी "बरं, बघते" म्हटलं. शुक्रवारी रिव्ह्यू होता.

पिंजरे मी त्यांच्यावरच्या लेबलांच्या क्रमानं लावायची. कंट्रोल, म्हणजे औषध न दिलेले, आतल्या भिंतीला, इंडोमेथासिन हे सुजेवरचं जुनं औषध दिलेले मध्ये, आमचा रेणू शेवटी. शेवटी म्हणजे दाराजवळ. चारही वेळा. ताणाखालचा उंदीर स्वतःच कॉर्टिकोस्टेरॉन हे ताणाचं संप्रेरक सोडतो आणि त्यानं सूज उतरते, हे मला परीक्षेत विचारलं असतं तर मी पानभर लिहिलं असतं. आठ महिने गेले. केमिस्ट्रीवाल्यांनी दोन किलो माल बनवला. मग एका नव्या मुलानं आपल्या मनानं पिंजरे सोडत काढून लावले आणि परिणाम पार विरघळला. मीटिंगमध्ये मी म्हटलं, "रँडमायझेशन राहिलं होतं, आता दुरुस्त केलंय." शब्द खरे होते. दत्ताराम आठ महिन्यांपूर्वी सांगून गेले होते, हे मात्र मी गिळलं. त्यानंतरच्या एप्रिलमध्ये मला ग्रुप लीडर केलं, 'चूक वेळेत पकडली' म्हणून. दत्ताराम होते तिथेच राहिले.

त्यांच्या निरोपसमारंभाला, समोसा खाताखाता, मी एकदाचं बोलले. ते हसले. म्हणाले, "तुम्हाला घाई होती, मॅडम." बस, एवढंच. रागावले असते तर बरं झालं असतं.

एमबीए करू का, असंही तू विचारलंस. कर हवं तर, बजेट वाचायला उपयोगी पडतं. पण गर्ट्रूड एलियन या अमेरिकी औषध-शास्त्रज्ञ बाईकडे तर पीएच.डी.सुद्धा नव्हती. नोकरी सांभाळून करायला घेतली होती, 'पूर्णवेळ या नाहीतर सोडा' म्हटल्यावर सोडली. 1967 मध्ये ती बरोज वेलकम या औषध कंपनीत विभागप्रमुख झाली, 1983 मध्ये निवृत्त, 1988 मध्ये नोबेल. ॲझाथायोप्रिन, ॲलोप्युरिनॉल, असायक्लोव्हिर हे सगळं तिच्या कामातून आलेलं. मला त्याहून मोठी वाटते ती पुढची गोष्ट. ती घरी गेल्यानंतर तिच्या जुन्या विभागातल्या माणसांनी एझेडटीचं काम उभं केलं आणि 1987 मध्ये एड्सवरचं पहिलं औषध मंजूर झालं. मी निवृत्त झाल्यावर माझ्या मुलांनी काय केलं ते मी कधीकधी लिंक्डइनवर बघते. निम्मे रेग्युलेटरीत, औषधाच्या मंजुरीच्या कागदपत्रांत, गेले. असो.

आता सही करण्याआधीचं. एखादा प्रोजेक्ट थांबवायचा अधिकार कुणाला, हे स्पष्ट विचार. "तसं आपण सगळे मिळून ठरवतो" असं उत्तर आलं तर समज, कुणालाच नाही. किती परिणाम दिसला तर पुढे जायचं आणि किती दिसला नाही तर बंद, हे प्रयोगाआधी कागदावर लिहितात का, तारखेसकट, ते बघ. निकाल आल्यावर लिहिलेले निकष म्हणजे बाण मारून भोवती वर्तुळ काढणं. पहिली रिकामी जागा स्टॅटिस्टिक्सच्या माणसानं भर, प्राण्यांवरच्या प्रयोगांच्या आणखी एका, चौथ्या तज्ज्ञानं नको. आणि तुझ्या माणसांतला कुणी उत्तम शास्त्रज्ञ असेल पण माणसं सांभाळायची आवड नसेल, तर त्याला मॅनेजर न होता वर जायची शिडी आहे का? आपल्याकडे बहुतेक ठिकाणी ती दोन पायऱ्यांत संपते आणि मग हातानं चांगले प्रयोग करणारा बेंचवाला वाईट साहेब होतो. मी अशा दोघांना माझ्या हातानं बिघडवलंय.

घे जागा. मी नको म्हणत नाहीये, नाहीतर बाबा मला घरात राहू देणार नाहीत. कायमोग्राफचा एक कागद अजून माळ्यावर आहे, शेलॅक पिवळं पडलंय पण रेघा शाबूत आहेत. गणपतीला आलास की घेऊन जा.

आणि एक. फोनवर तू चौदाही जणांची नावं, पदव्या, कुणी कुठून पीएच.डी. केली, सगळं सांगितलंस. ॲनिमल हाऊस कोण सांभाळतं ते नाही सांगितलंस. त्यांचं नाव काय? कळव.

तुझी,
आई