असहमतीचे इंग्रजी यादीतून शिकवू नका

संपादक महोदय,

कॅम्पस मुलाखतींचे दिवस जवळ आले की मुंबईतल्या कॉलेजांत गटचर्चेच्या तयारीला वेग येतो आणि मत मांडण्याच्या इंग्रजी वाक्प्रचारांच्या याद्या मुलांच्या मोबाइलवर फिरू लागतात. या याद्यांत अर्थ दिलेले असतात. कोणता वाक्प्रचार कुणापुढे चालतो आणि समोरच्याला किती लागतो, हे नसते. इंग्रजी संभाषण शिकवणारे शिक्षक म्हणून आमची तक्रार नेमकी हीच आहे.

'विथ ऑल ड्यू रिस्पेक्ट'चा अर्थ 'पूर्ण आदर राखून' असा दिलेला असतो, म्हणून मुले तो वरिष्ठांपुढे बिनधास्त वापरतात. इंग्रजी कानाला मात्र ती पुढे येणाऱ्या कडक विरोधाची वर्दी वाटते, आणि किरकोळ मुद्द्यावर तर तो चक्क उद्धटपणा ठरतो. 'आय बेग टू डिफर' चुकीचे नाही, पण त्याला सभेतल्या भाषणाचा थाट आहे. आठ-दहा जणांच्या चर्चेत 'आय सी इट अ लिटल डिफरन्टली' किंवा 'आय अ‍ॅम नॉट सो शुअर अबाउट दॅट' एवढे पुरते. 'आय कुडन्ट अ‍ॅग्री मोअर' हा तर संपूर्ण होकार. त्यातला नकार ऐकून मुले त्याला विरोध समजतात. उलट ब्रिटिश साहेब 'आय हिअर व्हॉट यू से' म्हणाला, तर त्याला बहुधा पटलेले नसते.

'डेव्हिल्स अ‍ॅडव्होकेट'चाही असाच गोंधळ होतो. कॅथलिक चर्चमध्ये एखाद्याला संतपद देण्याआधी त्याच्या विरोधातले मुद्दे मांडायला अधिकारी नेमत, त्याला हे नाव होते. १५८७ मध्ये रूढ झालेली ही व्यवस्था १९८३ मध्ये बदलली. म्हणजे मुद्दा पारखण्यासाठी मुद्दाम घेतलेली उलट बाजू. स्वतःचेच ठाम मत मांडताना हा शब्द वापरू नये.

मराठीची सवय आड येते ती वेगळ्याच ठिकाणी. 'तसं नाही हो' यातला 'हो' विरोधाची धार काढून घेतो. त्याचे 'नो नो, नॉट लाइक दॅट' केले की समोरच्याला तोडून टाकल्यासारखे होते. इंग्रजीत ते काम 'आय अ‍ॅम अफ्रेड', 'नॉट क्वाइट', 'परहॅप्स' हे शब्द आणि शेवटी जरा वर जाणारा सूर करतो. 'माझ्या मते'चे 'अकॉर्डिंग टू मी' होते. 'अकॉर्डिंग टू' दुसऱ्याचे म्हणणे सांगताना वापरतात, स्वतःसाठी साधे 'आय थिंक' बरे. सर्वांत महागात पडते ते 'येस'. 'यू डोन्ट अ‍ॅग्री?' असे विचारल्यावर आपण मराठीप्रमाणे 'हो, नाही पटत' या हिशेबाने 'येस' म्हणतो आणि ऐकणारा धरून चालतो की पटले. तिथे 'नो, आय डोन्ट' असेच पूर्ण उत्तर द्यावे.

सरावाला दोघे आणि एक मोबाइल पुरतो. 'रविवारीही लोकल रोजच्याच वेळापत्रकाने धावाव्यात' असा एखादा विषय घ्यावा. एकाने मिनिटभर बोलावे. दुसऱ्याने आधी त्याचा मुद्दा एका वाक्यात परत सांगावा, मग असहमती आणि लगेच एकच कारण. रेकॉर्डिंग ऐकताना 'बट'च्या आधीचे वाक्य तपासावे: मान्य केलेला मुद्दा नेमका आहे की नुसते 'गुड पॉइंट, बट' आहे? बहुतेकांचे इथेच अडते. मुद्दा परत सांगायचा तर तो आधी ऐकावा लागतो, आणि मुले त्या वेळी आपले पुढचे वाक्य जुळवत असतात.

आपल्या करिअर पुरवणीत असे वाक्प्रचार छापताना प्रत्येकापुढे 'मित्रांत', 'ऑफिसात', 'वरिष्ठांपुढे टाळा' एवढी नोंद जरी दिलीत, तरी मुलाखतीला जाणाऱ्या मुलांना तिचा मोठा उपयोग होईल.

– इंग्रजी संभाषणाचे काही शिक्षक, दादर, मुंबई