पोरांचं पाणी तोडून वजन उतरवू नका

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

शालेय कुस्तीचे निकाल तुमच्या पेपरात येतात, आमच्या गल्लीतल्या पोराचं नाव आलं की कात्रण तालमीच्या भिंतीवर लागतं, पण नावापुढं जो किलोचा आकडा असतो तो त्या पोरानं कसा गाठला हे कुणी विचारत नाही म्हणून लिहितोय.

माझा पुतण्या नववीत आहे. मागच्या वर्षी तालुक्याच्या स्पर्धेआधी त्याचं वजन गटापेक्षा दोन किलो जास्त निघालं. आदल्या दुपारपासून पाणी बंद, अंगात रेनकोट त्यावर स्वेटर आणि ग्राउंडला फेऱ्या, रात्री बाटलीत थुंकत बसलेला, तेवढेच चार ग्रॅम कमी होतात म्हणे. सकाळी वजनात बसला, सगळे खूश, आणि पहिल्याच कुस्तीत पोटऱ्यांत गोळे येऊन खाली बसला. वस्ताद म्हणाले दम कमी पडला. दुपारपासून घोटभर पाणी नाही त्याच्याकडं दम येणार कुठून?

विनेश फोगटचं सगळ्यांना आठवत असेल, ७ ऑगस्ट २०२४, पॅरिस, ५० किलोत १०० ग्रॅम जास्त भरली म्हणून फायनलआधीच बाद. आपल्याकडं त्यावर महिनाभर कटकारस्थानाच्याच गप्पा चालल्या. पण ती आधी ५३ ला खेळायची, ती जागा अंतिम पंघाल या दुसऱ्या महिला पैलवानाकडं गेली म्हणून ५० ला उतरली, पहिल्या दिवशी तीन कुस्त्या झाल्यावर खाल्लं प्यायलं की वजन वर जाणारच आणि दुसऱ्या दिवशी सकाळी परत वजन. रात्रभर घाम काढला, केस कापले, तरी १०० ग्रॅम राहिलेच. त्याच ऑलिंपिकमध्ये अमन सेहरावतनं दहा तासात ४.६ किलो उतरवून ब्राँझ आणलं तर आपण टाळ्या वाजवल्या, आणि पुढच्याच वर्षी झाग्रेबच्या वर्ल्ड चॅम्पियनशिपला तो १.७ किलो जास्त भरला म्हणून बाहेर. त्या टाळ्या आमच्या तालमीतल्या पोरांनी पण ऐकल्यात, त्यांना वाटतं हीच खरी पैलवानकी.

एका रात्रीत जे उतरतं ते चरबी नसते हो, पाणी असतं. पाणी गेलं की रक्त कमी पडतं, हृदय जोरात पळतं, आणि अंगावर प्लास्टिक असल्यानं घाम सुकत नाही त्यामुळं अंग आतून तापत जातं. बॉक्सिंग किंवा एमएमएच्या (लाथाबुक्क्या आणि कुस्ती एकत्र असलेल्या खेळाच्या) मोठ्या फाइटला आदल्या दिवशी वजन होतं, रात्रभर पाणी भरून काढायला मिळतं. आमच्याकडं वजन झालं की तास दोन तासात कुस्ती, त्यात ओआरएस घोटघोट पाजलं तरी किती भरून येणार. काहीजण लघवीची गोळी देतात असंही कानावर येतं, ती डोपिंगमध्ये बंदी असलेली गोष्ट आहे आणि त्यानं पोटॅशियम जाऊन हृदयाचे ठोके बिघडतात.

अमेरिकेत १९९७ साली जेमतेम महिनाभरात कॉलेजचे तीन पैलवान असंच वजन उतरवताना गेले. त्यानंतर तिथं कॉलेज कुस्तीत रबरी सूट आणि सॉना (घाम काढायची गरम खोली) बंद झाले, सीझनच्या सुरुवातीला अंगात पाणी पुरेसं आहे का ते लघवी तपासून बघून, चरबी मोजून प्रत्येकाचं कमीत कमी वजन ठरवायला लागले आणि आठवड्याला दीड टक्क्यापेक्षा जास्त कमी करायचं नाही असा नियम आला. म्हणजे ६० किलोच्या पोरानं आठवड्याला ९०० ग्रॅम, बास.

हे आपल्याकडं शाळेच्या पातळीवर करायला काय अवघड आहे? जूनमध्ये शाळेतच वजन घ्या, डॉक्टरकडून पोराचा सर्वात खालचा गट ठरवून ओळखपत्रावर लिहा, आणि स्पर्धेला त्याच्या खाली खेळवूच नका. चौदा पंधरा वर्षाचं पोर उंचीला वाढतंय, त्याला वरच्या गटात जाऊ द्या की. पुतण्याला यंदा आम्ही वरच्या गटात टाकलं, दुसऱ्या फेरीत हरला, पण वजन झाल्यावर केळी खाऊन पाणी पिऊन मॅटवर गेला आणि सहा गुण काढून आला.

जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांपर्यंत हे पोचावं म्हणून छापाल ही विनंती.

– एका पैलवानाचा चुलता, शिरोळ तालुका